स्वराज्य खरं, पण किल्ली कुणाकडे?

'स्वराज्य' म्हटलं की मराठी माणसाला रायगड आठवतो, नाहीतर टिळक. तोच शब्द आपण आणखी एका जागी रोज वाचतो आणि तिथे मात्र अंगावर काटा वगैरे येत नाही. 'स्थानिक स्वराज्य संस्था'. म्हणजे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका. शब्द केवढा, आणि व्यवहारात काय, तर गटार, दिवाबत्ती, घरपट्टी. याच्याच शेजारी बातम्यांत 'स्वायत्तता' फिरत असते: आसामातल्या बोडोलँडला मिळाली, काश्मीरची गेली, लडाखला हवी आहे. हे दोन्ही एकच का? नाही. पण एकाच घरातले आहेत, आणि ते घरच्या उदाहरणाने चटकन कळतं.

एकत्र कुटुंबात सासूबाई सुनेला म्हणतात, "आजपासून स्वयंपाकघर तुझं." सून खूष. मग कळतं, भाजी कुठली ते सासूबाई सांगणार, किराण्याचे पैसे त्याच मोजून देणार. सुनेच्या वाट्याला आलं ते काम, अधिकार नाही. सरकारी भाषेत याला 'विकेंद्रीकरण' म्हणून खपवतात. दुसऱ्या घरात भाजी सून ठरवते, महिन्याचा खर्चही तिच्या हातात असतो, पण कपाटाच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला. स्थानिक स्वराज्य साधारण इथे बसतं. तिसऱ्या घरात त्याच छपराखाली वेगळी चूल मांडलेली असते. सणवार एकत्र, घराण्याचं नाव एक, पण आपल्या चुलीवर काय शिजेल ते आपण ठरवणार. ही मर्यादित स्वायत्तता. त्यापुढे उरते ती वाटणी, म्हणजे स्वतंत्र देश. तो आपला विषय नाही.

कुठल्याही व्यवस्थेला तीन प्रश्न विचारले की ती यातल्या कुठल्या घरात मोडते ते समजतं. निर्णय कुणाचा? पैसा कुणाचा? आणि दिलेलं परत काढून घेता येतं का, येत असेल तर कुणाला? मला विचाराल तर तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

'स्थानिक स्वराज्य' ही कल्पना आपल्याकडे आणण्याचं श्रेय सहसा इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड रिपनला देतात. १८८२ च्या त्याच्या ठरावात एक प्रामाणिक कबुली होती: याने कारभार लगेच सुधारेल असं नाही, पण लोकांचं राजकीय शिक्षण होईल. म्हणजे सायकल शिकवताना मागून धरतात तसं. १९१६ साली टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली तेव्हा त्यांचं मागणं या मागून धरणाऱ्या हाताबद्दलच होतं. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांत ते सांगत होते की बादशहा राहू दे, आमची तक्रार मधल्या नोकरशाहीबद्दल आहे; आमचा कारभार आमच्या हाती द्या. आजच्या भाषेत ही साम्राज्याच्या छपराखाली वेगळ्या चुलीची मागणी. सरकारने त्या भाषणांवरून त्यांना जामीन द्यायला लावला, बॅरिस्टर जिना त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. पुढे १९१९ च्या कायद्याने प्रांतांतली खाती 'राखीव' आणि 'हस्तांतरित' अशी वाटली. पोलीस आणि अर्थ इंग्रजांनी स्वतःकडे ठेवलं. हिंदी मंत्र्यांकडे जे सोपवलं त्यात होतं स्थानिक स्वराज्य. काय हातात ठेवायचं आणि काय सोडलं तरी चालतं, याचा हिशेब तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

आता गावात या.

आमच्या गावातलं एक साधं प्रकरण सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी वादळात स्मशानभूमीच्या शेडचे पत्रे उडाले. पत्रे बसवायला फार मोठी रक्कम लागणार नव्हती आणि पंचायतीच्या खात्यात तेवढे पैसे होते. तरीही काम वर्षभर रखडलं. कारण खात्यातले पैसे होते पंधराव्या वित्त आयोगाचे आणि त्यातलेही 'बंधित'. या निधीचे दोन कप्पे होते. ६० टक्के बंधित, ते पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचे. ४० टक्के अबंधित. आमचा अबंधित कप्पा रिकामा झाला होता. मग बंधितातून एक शोषखड्डा झाला, ज्याची तितकी नड नव्हती, आणि त्या पावसाळ्यात दोन अंत्यविधी ताडपत्री धरून उरकावे लागले.

पैसे काढायची पद्धतही बघण्यासारखी आहे. सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) दोघांकडे डिजिटल सहीचं एकेक डोंगल असतं. दोन्ही लागल्याशिवाय पोर्टलवरून पैसा हलत नाही. एक डोंगल लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचं, दुसरं सरकारने नेमलेल्या माणसाचं. भ्रष्टाचार रोखायला हे ठीकच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्थानिक स्वराज्याचं याहून नेमकं चित्र मला तरी काढता यायचं नाही: कपाट आमचं, कुलूप एक, किल्ल्या दोन, आणि दुसरी किल्ली ज्याच्याकडे त्याची बदली वरून होते.

मग पंचायतीचं स्वतःचं असं काय? घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार कर, जागांची भाडी. पण घरपट्टीचेही किमान-कमाल दर सरकारी नियमांत बांधलेले. आणि वसुली हा नाजूक मामला असतो. ज्याच्या दारात घरपट्टीची नोटीस लावायची त्याच्याच दारात पाच वर्षांनी मत मागायला जायचं असतं.

राज्यघटना या बाबतीत काय म्हणते? सुरुवातीला जवळपास काहीच म्हणत नव्हती. गांधीजींच्या मनातलं ग्रामस्वराज्य मसुद्यात नव्हतं. ओरड झाल्यावर नोव्हेंबर १९४८ मध्ये कलम ४० घातलं गेलं, तेही मार्गदर्शक तत्त्वांत, जिथल्या गोष्टींसाठी कोर्टात जाता येत नाही. पंचायतींना खरं घटनात्मक बळ मिळालं ते ७३ व्या दुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून. शहरांसाठी ७४ वी, त्याच वर्षी १ जूनपासून. दर पाच वर्षांनी निवडणूक, राखीव जागा, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग हे सगळं सक्तीचं झालं. गावांसाठी २९ आणि शहरांसाठी १८ विषयांची यादी जोडली. शेती, प्राथमिक शाळा, पाणी, आरोग्य, रस्ते, सगळं त्यात आहे.

मेख कलम २४३-जी मध्ये आहे. 'स्वराज्याच्या संस्था' म्हणून काम करता येईल इतके अधिकार राज्याचं विधिमंडळ पंचायतींना 'देऊ शकेल', असं ते म्हणतं. 'देईल' नाही, 'देऊ शकेल'. निवडणूक घेणं सक्तीचं, अधिकार देणं ऐच्छिक. शिवाय 'स्थानिक शासन' हा विषयच राज्यसूचीतला. त्यामुळे पंचायतीला सासूबाई दिल्लीत नाहीत, मुंबईत आहेत.

सरपंचाचंच बघा. तो थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांतून? २०१७ मध्ये महाराष्ट्रात थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. तिन्ही वेळा सरकार बदललेलं होतं किंवा सरकारचं गणित बदललेलं होतं. गावाला यातलं एकदाही कुणी विचारलं नाही. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलता येतं, प्रश्न तो नाही. आपला प्रमुख कसा निवडायचा हे ज्याला ठरवता येत नाही, त्याच्या नावात 'स्वराज्य' आहे.

महाराष्ट्राने एकेकाळी याहून मोठी झेप घेतली होती, हे मात्र सांगायला हवं. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ ला इथे जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि त्या दणकट होत्या. शाळा, दवाखाने, रस्ते, शेतीच्या योजना त्यांच्याकडे गेल्या. विलासराव देशमुख आधी बाभळगावचे सरपंच होते, आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते. रिपनचं 'राजकीय शिक्षण' म्हणतात ते हे. पुढे मात्र एकेक योजना राज्याच्या खात्यांकडे सरकत गेली आणि जिल्ह्याच्या पैशाचं वाटप डीपीडीसीच्या, म्हणजे जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होऊ लागलं. शिकून मोठे झालेल्यांनीच शाळेची इमारत लहान केली, असं म्हटलं तर राग येईल, पण झालं तसंच.

शहरांकडे वळू. तिथे पैशाचा प्रश्न एका शब्दात समजतो: जकात. दहिसर, मुलुंड, मानखुर्द, ऐरोली या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती गेल्याचं दुःख नसेल. धूर, दलाली, रात्रभर ताटकळणारे ड्रायव्हर. पण मुंबई महापालिकेला त्या नाक्यांवरून वर्षाला सुमारे सात हजार कोटी रुपये मिळायचे आणि ते स्वतःचे होते, कुणापुढे हात पसरायचा नाही. इतर शहरांची जकात आधीच जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला होता, तोही बहुतांशी २०१५ मध्ये गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली. बदल्यात राज्य सरकार कायद्याने दरमहा नुकसानभरपाई देतं. रक्कम तीच, काही बाबतींत वाढतीसुद्धा. फरक एवढाच की आधी तो गल्ला होता, आता ती पाठवलेली मनिऑर्डर आहे. ज्याच्या घरी मनिऑर्डरवर चूल पेटली आहे त्याला हा फरक फोड करून सांगावा लागत नाही.

आणि निर्णयाचा प्रश्न? १८८८ च्या कायद्यापासून मुंबईत अंमलबजावणीची सत्ता आयुक्तांकडे आहे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौरांकडे मान आहे, गाऊन आहे, गाडी आहे. २०१६ मध्ये नवी मुंबईच्या नगरसेवकांनी प्रचंड बहुमताने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव मंजूर केला. तरी पुढचे काही महिने ते त्याच खुर्चीत राहिले, कारण खुर्ची देणारे वर होते. यातली गंमत अशी की बरेच नागरिकही मुंढेंच्याच बाजूने होते. आपणच निवडून दिलेल्या नगरसेवकांपेक्षा वरून आलेला साहेब लोकांना जवळचा वाटला. स्वायत्ततेची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचवायला जड जातं, पण झाकून ठेवून उपयोग नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर महाराष्ट्राने नुकतंच अनुभवलं. घटना सांगते, मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. पुणे, नाशिक, नागपूर त्याच महिन्यात. छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूर तर २०२० पासूनच बिनानगरसेवकांची होती. ओबीसी आरक्षणाचा खटला, मुंबईचे प्रभाग २२७ वरून २३६ आणि पुन्हा २२७, या सगळ्यात वर्षं गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दट्ट्या दिला तेव्हा हालचाल झाली आणि मुंबईत मतदान उजाडलं ते जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात प्रशासक बसले. २०२५-२६ चं ७४ हजार कोटींच्या वरचं मुंबईचं बजेट एकाही नगरसेवकाच्या हाताखालून न जाता मंजूर झालं. विधानसभेच्या बाबतीत असं चार वर्षं चाललं असतं का, एवढंच मनाशी विचारून बघा.

आता वेगळी चूल. भारतात ती प्रत्यक्ष पाहायची तर मेघालयात जावं लागतं. राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीखाली आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम या चार राज्यांत मिळून १० स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत. नावात 'जिल्हा परिषद' असली तरी पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या जिल्हा परिषदेशी तिची गल्लत करू नका. आपली जिल्हा परिषद ठराव करते, खासी टेकड्यांची परिषद कायदा करते. जमीन, राखीव नसलेलं जंगल, फिरती शेती, गावप्रमुखांची नेमणूक, लग्न, वारसा, रूढी, यांवर. खासी समाजात वंश आईकडून चालतो, आणि खासी कुणाला म्हणायचं यावरसुद्धा त्या परिषदेचा कायदा आहे. आदिवासी समाजातल्या आपसातल्या तंट्यांसाठी तिची स्वतःची न्यायालयं आहेत. काही कर ती स्वतः बसवते. सातारा जिल्हा परिषदेने उद्या वारसाहक्काचा कायदा करायला घेतला तर सगळे हसतील. तिथे ते रोजचं काम आहे.

किल्ली मात्र तिथेही पूर्णपणे त्यांच्याकडे नाही. परिषदेच्या कायद्याला राज्यपालांची संमती लागते. मेघालयात परिषदेचा कायदा आणि राज्याचा कायदा आडवा गेला तर राज्याचा टिकतो. राज्यपाल परिषद बरखास्तही करू शकतात. 'मर्यादित' म्हणायचं ते यासाठी.

नावावर जाऊ नये, याचा नमुना म्हणजे लेह. तिथे १९९५ पासून 'लडाख स्वायत्त पर्वतीय विकास परिषद' आहे. नावात 'स्वायत्त' ठळक, पण कायदे करायचा अधिकार नाही. २०१९ मध्ये लडाख विधानसभा नसलेला केंद्रशासित प्रदेश झाला, आणि तेव्हापासून तिथले लोक सहावी अनुसूची मागत आहेत, ती याच फरकापायी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जम्मू-काश्मीरची कलम ३७० खालची वेगळी व्यवस्था गेली. तो निर्णय बरोबर की चूक यावर घराघरांत वाद आहेत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. आपल्या विषयापुरतं त्यातून एवढंच घ्यायचं, की वरच्याने दिलेली स्वायत्तता वरचा परत घेऊ शकतो.

याच्या दुसऱ्या टोकाला ग्रीनलँड. डेन्मार्कच्या राज्यातच आहे, संरक्षण आणि परराष्ट्र धोरण मुख्यतः कोपनहेगनच्या हातात. पण १९७९ मध्ये होमरूल मिळाल्यावर त्या बेटाने सार्वमत घेऊन १९८५ मध्ये युरोपीय समुदाय सोडला, डेन्मार्क आत असताना! कारण होतं मासेमारी. २००९ च्या कायद्याने तर स्वतंत्र व्हायचं की नाही हे ठरवायची वाटही तिथल्या लोकांना दिली. तरी सरकारी खर्चाचा मोठा हिस्सा अजून डेन्मार्कच्या अनुदानातून येतो. पुन्हा मनिऑर्डर.

इतकं लांब जायची गरज नाही म्हणा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे जेमतेम पाचशे वस्तीचं गोंड गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. तिची पहिली अर्धी ओळ लोक विसरतात. वाटणी मागणारी माणसं नाहीत ही, वेगळी चूल मागणारी आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद हातात आला, पण बांबू गावाबाहेर विकायला न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, टीपी म्हणतात तो, आणि टीपीचं पुस्तक वनखात्याकडे. बांबू हे गवत आहे की झाड, यावर कायद्यात घोळ होता. झाड म्हटलं तर ते खात्याचं, गवत म्हटलं तर गौण वनोपज म्हणून गावाचं. वनस्पतिशास्त्र काय म्हणतं ते शाळेतलं पोरही सांगेल, पण इथे प्रश्न किल्लीचा होता. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती, गावाचे पुढारी देवाजी तोफा यांच्याकडे दिलं. एक पावतीपुस्तक द्यायला दोन सरकारांचे प्रमुख लोक जंगलात आले, यावरून त्या पुस्तकाची किंमत समजावी.

मेंढ्याचा निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाला पटलं नाही तर विषय पुढच्या सभेला. वेळ लागतो. पण हरलेला गट मागे उरत नाही. पेसा कायद्याने, म्हणजे १९९६ च्या अनुसूचित क्षेत्रांच्या पंचायत कायद्याने, एखाद्या पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळू शकते, आणि महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ मध्ये आले. म्हणजे सत्तेचं माप पंचायतीहूनही खाली, पाड्यापर्यंत आलं. निदान कागदावर.

यावर सगळ्यात टोकदार आक्षेप डॉ. आंबेडकरांचा आहे आणि तो आजही उत्तर मागतो. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा अशा अर्थाचे शब्द वापरले होते. गावाला सत्ता द्या म्हणता, ती गावातल्या कुणाला मिळणार? पाटलाला की वेशीबाहेरच्याला? राखीव जागा हे त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या असूनही बैठकीला 'सरपंचपती' जाऊन बसतो तेव्हा उरलेलं अर्धं दिसतं. उलट, दारूच्या दुकानाच्या मतदानात त्याच बायकांनी कित्येक गावांत बाटली आडवी केली आहे. तिथे निर्णय थेट होता, मधे नवरा नव्हता. म्हणून मला वाटतं, सत्ता खाली यायला हवीच, पण ती पंचायतीच्या केबिनमध्ये थांबली तर आंबेडकर खरे ठरतात. तिने ग्रामसभेपर्यंत यायला हवं.

आता ग्रामसभेचा नियम काय आहे? गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे हजर हवेत. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागत नाही. ही पळवाट आमच्या गावाला तोंडपाठ आहे. मागच्या २ ऑक्टोबरला सभा तहकूब झाली. पुढच्या सभेला मी गेलो तर ऑफिसला कुलूप. संध्याकाळी शिपाई रजिस्टर घेऊन घरी आला, हजेरीची सही पाहिजे म्हणाला. ठराव कुठले झाले, मी विचारलं.

"ते लिहायचेत अजून," तो म्हणाला, आणि पेन पुढे केलं.